उलटा हात

झटका तसा मोठा नव्हता. गुळावरची काळी मुंगी चावावी, एवढाच. मागची पिन सैल झाली असेल म्हणून मंजुषाने सीपीयूच्या पेटीमागे हात घातला, मनगटाचं हाड पत्र्याला टेकलं, आणि तिथून कोपरापर्यंत एक झिणझिणी सुळकन सरकत गेली, भिंतीच्या भेगेतून पाल जाते तशी. तिने हात काढून घेतला आणि छातीशी धरला. समोरच्या बाकावर पुंजाबाबा हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा पुढे करून बसला होता. तो अजून जिवंत आहे एवढंच सरकारला कळवायचं होतं. पण स्क्रीनवर त्याचं नाव अर्धंच उमटलं होतं आणि बाण जिथल्या तिथं गोठला होता. बाहेर मे महिन्याचं ऊन अंगणभर पसरलं होतं, कोंबडी राखेत पंख फडफडवत होती. सगळं जसंच्या तसं होतं. मंजुषाच्या आत मात्र, पार खोल, सव्वीस वर्षांपूर्वी मिटलेली एक मूठ हलली.

"काय झाला गं?" पुंजाबाबाने विचारलं.

"काय नाय बाबा. अडकलाय."

"तुझी पेटी चावते आथा. मघा अंगठा ठेवला तवा मला बी चावली. मी बोललो नाय. बोललो, सरकारी काम हाय, चावत असल."

बाकावरच्या दोन बायका पदर तोंडाला लावून हसल्या. "बाबा, चावली म्हंजे तुमी जिते हाव, आनी कनचा दाखला पायजे?" एक म्हणाली. मंजुषाही हसली. हसताना तिने उजवा हात ओच्यात लपवला.

सूर्यमाळच्या त्या पाड्यावर मंजुषाची ओसरी म्हणजे अर्धी कचेरी होती. दाखल्यासाठी मोखाड्याला जाऊन दिवस मोडण्यापेक्षा माणसं तिच्या बाकावर येऊन बसत. कॉम्प्युटर तिच्या नवऱ्याने, देवरामने, ठाण्याहून आणला होता, कुणाच्या तरी ऑफिसातला वापरून टाकलेला. देवराम दूरच्या आश्रमशाळेत मास्तर. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटेच्या जीपने जायचा. तो घरजावई होता. घर मंजुषाच्या आईचं, कमूचं. तीन वर्षं त्या जुन्या पेटीने तक्रार केली नव्हती. सकाळी बटण दाबलं की एकदा टुक् करायची, पंखा घुमायचा, पडदा उजळायचा. मंजुषाला तो टुक् आवाज चुलीतल्या पहिल्या ठिणगीसारखा वाटायचा. दिवस सुरू झाला. पण होळीनंतर पेटीचं बिनसलं. कधी टुक्ऐवजी एक लांब हुंकार आणि मागे दोन तुटके. कधी चालता चालता पडदा निळा व्हायचा आणि वर पांढरी अक्षरं, न समजणारी, भगताने घुमायला लागल्यावर बोलावं तशी. अंगठ्याचं यंत्र मध्येच मरायचं, माऊस मध्येच आंधळा व्हायचा. पेटी वीस मिनिटं सलग चालली तरी मंजुषाला खूप वाटायचं. अर्ज भरताना तिचे कान पंख्याकडे असायचे, श्वास लागलेल्या माणसाच्या उशाशी बसावं तसे. आता थांबेल. आता थांबेल. आणि तो थांबायचा.

मात्र चावणं नवीन होतं. थांबण्याची भीती वेगळी आणि चावण्याची वेगळी. पहिली कामाची होती. दुसरी तिच्या बापाची होती.

बाप लाडक्या. लाईनीवरच्या कामात ठेकेदाराकडे मदतनीस होता. पाड्यावर पहिली वीज आली तेव्हा खांब उभे करायला तो होता, आणि पहिला दिवा लागला तो त्याच्या घरात. सगळा पाडा बघायला जमला होता. त्या पिवळ्या दिव्याखाली लाडक्याने आपल्या नऊ वर्षांच्या पोरीला एक गोष्ट शिकवली होती. "पोरी, कशाला बी पयल्यांदी हात लावायचा तो उलटा. असा. तळवा आपल्याकं, पाठ तिकडं. करंट मूठ बंद करतो. सरळ हात लावशील तर तो तुला धरंल. उलटा लावशील तर हात आपोआप मागं येल." मग त्याने तोच उलटा हात तिच्या कपाळाला लावला होता आणि म्हणाला होता, "बघ, ताप बी असाच बघायचा. करंट काय न् ताप काय, उलट्या हाताला लवकर समजतो." पुढच्या वर्षी श्रावणात तो खांबावर चढला. लाईन बंद होती असं सगळे म्हणत होते. मग ती मध्येच जिवंत झाली; कुणामुळे, कशी, ते कुठल्याच कागदावर उतरलं नाही. त्याला आणलं तेव्हा त्याचा उजवा हात मिटलेला होता. घरामागच्या कोपऱ्यात त्याला आंघोळ घातली. बायका रडत होत्या आणि दहा वर्षांची मंजुषा त्याच्या हाताशी बसून एकेक बोट उघडत होती. करंगळी उघडली की अनामिका मिटायची. अनामिका उघडली की करंगळी. कुणीतरी तिला उचलून नेलं. ती मूठ उघडली की नाही, ते तिला कधीच कळलं नाही.

तेव्हापासून ती जगाला उलटा हात लावत आली. दाराच्या लोखंडी कडीला, दुधाच्या टोपाला, जीपच्या दांड्याला, ओल्या भिंतीला. लग्नाच्या पहिल्या रात्री देवरामच्या गालाला तिने उलटाच हात लावला होता आणि तो हसून म्हणाला होता, "लोकं हात देतात, तू हाताची पाठ देतेस. मी काय तापलोय का?" तिने त्याला काही सांगितलं नव्हतं. आणि घरामागच्या त्या कोपऱ्याकडे ती गेली नव्हती. सव्वीस वर्षं. चुलीच्या मागच्या दारातून तो कोपरा दिसतो. भिंतीतून एक जाड, हिरवी पडलेली तार खाली उतरते, जमिनीत शिरते, आणि तिथं एक चपटा दगड आहे, शेंदूर लावलेला. दार उघडं असलं की ती मान वळवून घ्यायची.

सोमवारी देवरामच्याच जीपने ती पेटी घेऊन निघाली. गोधडीत गुंडाळून मांडीवर, दवाखान्यात न्यायच्या लेकरासारखी. मोखाड्याला उतरून दुसरी जीप, मग घाट, मग जव्हार. वळणावर पेटी कलंडली की आत काहीतरी खडखड करायचं आणि मंजुषा गोधडीवरूनच तिला थोपटायची. हे आपण काय करतोय, असं एकदा तिच्या मनात आलं, पण हात थांबला नाही.

जव्हारच्या बाजारगल्लीत मुदस्सरचं दुकान. पूर्वी तिथं त्याचा बाप अनीसचाचा रेडिओ दुरुस्त करायचा. आता मुदस्सर मोबाईल आणि कॉम्प्युटर करतो, आणि चाचा कोपऱ्यात एक कान दुकानाकडे ठेवून बसतो. मुदस्सरने पेटी उघडली, ब्रशने धूळ काढली, आतल्या दोन हिरव्या पट्ट्या उपसल्या आणि उजेडात धरल्या.

"ताई, या दोघींचं जमत नाही."

"कुणाचं?"

"रॅमचं. ही जुनी, पेटीबरोबर आलेली. ही मागच्या साली मीच टाकली, नवी. हिची चाल वेगळी, तिची वेगळी. एका घरात ठेवल्या, पण ही बोलते ते तिला कळत नाही. मग मशीन गोंधळतं." तो हसला. "सासू-सुनेचा मामला."

मंजुषा हसली नाही. तिला कमू दिसली, मागच्या दारात उकिडवी बसलेली, होळीपासून जेमतेम चार शब्द बोललेली.

मुदस्सरने एकच पट्टी ठेवली. एक जादा कार्डही काढून टाकलं. म्हणाला, ही दोन कार्डं एकच वाट मागतात, एकाला घरी बसवलेलं बरं. मग पेटी सुरू केली. टुक्. दुपारपर्यंत ती अखंड चालली. मंजुषा स्टुलावर बसून पंख्याचा आवाज ऐकत होती. वीस मिनिटं झाली. तास झाला. अंगठ्याचं यंत्र लावलं, प्रिंटर लावला. काही बिघडलं नाही. मुदस्सरने पत्र्यावर थाप मारली, उघड्या तळव्याने, म्हशीच्या पाठीवर मारावी तशी, आणि मंजुषाने डोळे मिटून घेतले. "एकदम सही," तो म्हणाला. "घेऊन जा."

घरी आणली, जोडली. सतरा मिनिटांनी पडदा निळा झाला.

आणि मंगळवारी दुपारी ते झालं. मंजुषा बाहेर वाळवणाच्या मिरच्या फिरवत होती. ओसरीवरून आवाज आला, आईचा, लहान पोरीसारखा: "आय गं!" ती धावली. कमू भिंतीला टेकून उभी होती, हातात ओलं फडकं. पेटी पुसायला गेली होती; रोज पुसायची, देव्हारा पुसावा तशी. पाय उघडे, भुई सारवलेली, अजून ओलसर. कमूचा उजवा हात छातीशी होता आणि मूठ मिटलेली होती.

"आई! हात उघड! आई, हात उघड आधी!"

"अगं, फडका हाय त्यात," कमू म्हणाली आणि मूठ उघडली. फडकं खाली पडलं. "मुंगी चावली जशी. एवढा काय वरडतंस?"

पण मंजुषा ओरडतच होती. काय ओरडतेय ते तिचं तिलाच कळत नव्हतं. मग तिने भिंतीवरचं बटण बंद केलं, पेटीची पिन उपटली, आणि बाकावर बसून राहिली. ओसरीवर कुणी आलं की "बंद आहे" म्हणायची. घर आता पूर्वीचं राहिलं नव्हतं. फ्रिजला हात लावायचा की नाही? पंख्याच्या बटणाला? तिला वाटायला लागलं, जे खांबावरून बापाला घेऊन गेलं ते इतकी वर्षं तारातारांतून वाट काढत हिंडत होतं, आणि आता त्याला घर सापडलं होतं. ते भिंतीत आलं होतं. ते आईचा हात हुंगून गेलं होतं. एक दिवस आपण मिरच्या फिरवत असू, आवाज येणार नाही, आणि आत जाऊन बघू तर मूठ. आणि आपण पुन्हा एकेक बोट उघडत बसू, एक उघडलं की दुसरं मिटेल.

तिला होळीचा दुसरा दिवस आठवला. यंदा विहीर लवकर आटली. टँकर येतो तो दोन दिवसांआड. विहिरीत पाणी ओततो आणि बायका त्यावर तुटून पडतात. मंजुषा दोन हंडे घेऊन चढ चढून आली होती, मान मोडली होती, आणि कमूने नेहमीसारखा तांब्या बुडवला, मागच्या दाराने गेली, शेंदराचा दगड जरासा कलता केला आणि पाणी ओतलं. ओतताना गुणगुणली, तेच, जे मंजुषा लहानपणापासून भिंतीआडून ऐकत आली होती:

"पी गं धरतरी, पी गं माये, घोटभर पानी,
तुझ्या हवाली केला माझ्या घराचा धनी."

आईचं ते रोजचं होतं. पहिला तांब्या तिथं, मग रांजणात. मंजुषाने मनाशी धरलं होतं की बापाला तिथं आंघोळ घातली म्हणून आई त्याला पाणी पाजते. त्या दिवशी मात्र तिच्या डोक्याची शीर उठली. "आई, मेलेल्या दगडाला पाजतेस, आणि जितं माणूस तहानलंय ते दिसत नाही तुला?" शब्द तोंडातून गेले आणि मागच्या दारात तसेच उभे राहिले. कमूने तांब्या उपडा करून भिंतीला ठेवला. "बरा," ती म्हणाली. एवढंच. दुसऱ्या दिवसापासून ती कोपऱ्यात गेली नाही. गाणंही गेलं. तांब्या अजून तिथंच उपडा होता. त्याच्या बुडावर धूळ साचली होती.

बुधवारी मंजुषा पुन्हा जव्हारला गेली. या खेपेस पेटी देऊन यायचीच, असं ठरवून. मुदस्सरने ती लावली. टुक्. पेटी खुशाल चालायला लागली, माहेरी आलेल्या बाईसारखी.

"ही बघा! इथं मख्खन चालते. तिथं काय होतं हिला?"

"ही चावते," मंजुषा म्हणाली. "आईला चावली." तिने रिकाम्या गोधडीची घडी घातली. मग एकदम म्हणाली, "मला नको ही. तुम्ही ठेवा. भंगारात द्या."

तेव्हा कोपऱ्यातून अनीसचाचाने मान वर केली. "चावते? मग हिला का मारतोस रे मुदस्सर, तीन दिवस झाले? ही तर बरी आहे. घर बघ." त्याने चष्मा पुसला आणि मंजुषाकडे नीट पाहिलं. "सूर्यमाळची ना तू? लाडक्याची पोरगी?"

तिने मान हलवली.

"तुझा बाप याच बाजारातून पाईप घेऊन गेला होता. सहा फुटी, लोखंडी. एक पोतं कोळसा, एक पोतं मीठ. मी म्हटलं, अरे, एक खोलीचं घर तुझं, एक दिवा, एवढं अर्थिंग कशाला करतोस? तो म्हणाला, चाचा, मला रोज खांबावर चढायचंय. माझं तिथं काही झालं तरी चालेल, घरात कुणाला चावता कामा नये." चाचाने दाराबाहेर बोट केलं. "खांद्यावर घेऊन गेला. चालत."

दुकानात पेटीचा पंखा घुमत होता. मंजुषाला तो पाईप दिसला, बापाच्या खांद्यावर, घाटाच्या वळणांतून जाताना.

"अर्थिंग म्हणजे नुसती तार गाडली की झालं, असं लोकांना वाटतं," चाचा म्हणाला. "जमीन ओली असेल तोवर घेते. सुकली की तिलाही नको होतं ते, ती परत घरात पाठवते. मग पत्रा चावतो, मशीन येडं होतं. आमच्या मागे गटार आहे, बाराही महिने ओल. म्हणून इथं ही शहाणी."

मुदस्सरने कपाळाला हात लावला. "अब्बा, हे परवा का नाही बोललात?"

"तू विचारलंस?"

मुदस्सरने तिला एक वस्तू करून दिली. तीन पायांची पिन, तिला वीतभर वायर, पुढे होल्डर आणि पिवळा दिवा. "ताई, पेटी जोडायची नाही. घरात दुसरं काही चालू ठेवायचं नाही. ही खोचायची, मग बटण दाबायचं. दिवा लागला तर तुमची जमीन जिवंत. नाही लागला तर मेली. दिव्याच्या काचेशिवाय कशाला हात लावायचा नाही. भीती वाटली तर ठेवून द्या, रविवारी मी येतो."

येताना जीपमध्ये तो दिवा तिच्या पिशवीत होता आणि पेटी मांडीवर. रविवारपर्यंत थांबावं, असं तिने चार वेळा ठरवलं. मग दर वळणाला तिला आईची मूठ दिसायची. चार दिवस आई त्या घरात, उघड्या पायांनी. मोखाड्याला जीप बदलताना तिच्या लक्षात आलं की आपण दांड्याला उलटा हात लावून चढलो, आणि बाजूची म्हातारी आपल्याकडे बघतेय.

घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती, उजेड मात्र भरपूर होता. कमू ओसरीवर तांदूळ निवडत होती. मंजुषाने फ्रिजची पिन काढली, पंखा बंद केला, पायात देवरामचे रबरी बूट घातले. कमूने एकदा पाहिलं आणि पुन्हा सुपाकडे वळली. मंजुषाने पिन खोचली. बटणावर तिने बोट ठेवलं नाही. लाटणं घेतलं, लाकडी, आणि त्याच्या टोकाने दाबलं.

दिवा लागला नाही.

तिने पुन्हा बंद केलं, पुन्हा दाबलं. काचेत केसासारखी तार दिसत होती, करडी, थंड. मेलेली. त्या अंधाऱ्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला, वाकडा, बारका, दहा वर्षांचा. पळावं असं वाटलं. कुठं, ते कळेना. पळायचं ते याच घरात.

"आई," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "मागच्या दगडाखाली काय आहे?"

सुपातला हात थांबला. "तुला ठावं नाय?"

"बाला तिथं धुतलं. म्हणून तू पाणी घालायचीस. मला तसंच वाटलं होतं."

"त्याला तिथं धुतला ता मंगशी," कमू म्हणाली. "पानी त्याच्या आधीपासून हाय. दिवा लागला ना घरात, त्या दिशी त्याने मला सांगेल व्हता. कमू, हितं रोज तांब्याभर पानी. पयला हिला, मंग आपल्याला. आनी उन्हाळ्यात त नको चुकूस, चुकशील त घर चावंल." तिने सूप खाली ठेवलं. "मंग तो गेला. मी बोललो, ह्या एकच काम सांगून गेला, ह्या तरी करू. गाना माझा मीच जोडला. नुसता पानी ओतायला जीव होत नव्हता."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू इचारलंस कवा? तू त्या कोपऱ्याकं बघत बी नाय. मला वाटला, तुला सगला ठावं हाय, म्हनून बघत नाय." मग हलक्या आवाजात, "काल चावला तवा मी समजलो. पन तू बोलेल व्हतीस, मेलेला दगड."

मंजुषाने लाटण्याने बटण बंद केलं. भिंतीजवळचा तांब्या तिने उचलला, बुडावरची धूळ पदराने पुसली. घरात एकच हंडा पाणी होतं, टँकर परवा. तिने हंडाच कमरेवर घेतला आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मागच्या दाराबाहेर पाऊल टाकलं.

कोपरा लहान होता. केवढा मोठा वाटायचा. भुई तडकली होती, भेगांत बोट जाईल इतकी. दगडाला तिने उलटा हात लावला, मग दोन्ही हातांनी तो कलता केला. खाली पाईपचं तोंड होतं, गंजून लाल झालेलं, पेल्याएवढं, आणि त्याला गुंडाळलेली तार, सात-आठ वेढे, घट्ट, एकाला एक लागून. बापाच्या हातचे वेढे. त्याच्या मुठीने आवळलेले. तिने पहिला तांब्या ओतला. आत खूप खाली, कुठंतरी, पाणी पडलं आणि नाहीसं झालं. दुसरा. तिसऱ्याला आवाज बदलला. घट्, घट्, घट्. आजारातून उठलेलं माणूस पितं तसं काहीतरी खाली पीत होतं, थांबून, धाप टाकून. मंजुषाच्या अंगावर काटा आला. ती ओतत राहिली. कमू मागे येऊन उभी राहिली होती. पाचव्या तांब्याला ती गुणगुणायला लागली, आधी नुसता सूर, मग शब्द, घोटभर पानी, घोटभर पानी, आणि मंजुषाला कळलं की आईला गाण्याची दुसरी ओळ म्हणायची नाहीये, ती लेकीसाठी मोकळी ठेवतेय. तिला ती म्हणता आली नाही. पण तिचे ओठ हलले. अर्धा हंडा संपला.

आत येऊन तिने लाटण्याने बटण दाबलं. काचेतली तार आधी तांबूस झाली, निखाऱ्यावरची राख फुंकावी तशी. विझेल असं वाटलं. मग ती पिवळी झाली, आणि ओसरीच्या भिंतीवर दोघींच्या सावल्या उभ्या राहिल्या.

"ह्या बघ," कमू म्हणाली. "असाच लागला व्हता तवा."

दिवा काढून पेटी जोडायला मंजुषाने बराच वेळ घेतला. बटण दाबलं. टुक्. पंखा घुमला. ती समोर बसली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. कुठलाही अर्ज उघडला नाही. दहा मिनिटं. तेरा. सतराव्या मिनिटाला तिने श्वास धरला. अठरा. पंखा कुठंतरी अडखळल्यासारखा झाला, आणि पुढे फिरत राहिला. वीस. बावीस. अंगठ्याच्या यंत्रात तांबडा डोळा उघडा होता, स्थिर.

मग ती उठली. पायातले बूट तिने काढून टाकले. सारवलेली भुई तळव्यांना गार लागली. कमू दारात होती. मंजुषाने उजवा हात पुढे केला, उलटा, बोटांची पाठ पत्र्याकडे, टेकवला. काही नाही. कोमट पत्रा, ताप उतरलेल्या कपाळासारखा. हात तसाच ठेवून ती उभी राहिली, सवयीने, हात आपोआप मागे येण्याची वाट बघत. तो आला नाही.

तेव्हा तिने हात वळवला. तळवा पत्र्यावर ठेवला, सगळा, मनगटापासून पेरांपर्यंत. आतून पंख्याची बारीक थरथर तळव्यात चढत होती. आता मूठ मिटेल म्हणून तिने डोळे घट्ट मिटले आणि मनातल्या मनात बोटं मोजायला लागली. करंगळी. अनामिका. मधलं. अंगठ्यापर्यंत पोचायला तिला फार वेळ लागला. बोटं उघडीच होती.